होनपांचा गजर

“सरोजताई, तुम्ही रोज पहाटे पाच वाजता आमच्या बेडरूममध्ये असता,” होनप मला कराडच्या स्टँडवर म्हणाले, आणि शेजारचा रिक्षावाला बिडी खाली टाकून वळून बघायला लागला.

मी तेव्हा चोपन्न वर्षांची. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी, आणि अंगावर पुण्यापासूनची एस्टीतली धूळ. अशा अवतारातल्या बाईबद्दल कुणी असं काही बोलेल, हे रिक्षावाल्याच्याच काय, माझ्याही ध्यानीमनी नव्हतं.

“म्हणजे तुमचं गाणं हो,” होनपांनी खुलासा केला, तोही रिक्षावाल्याकडे बघून. “मोबाइलच्या गजराला लावलंय. साडेचार वर्षं झाली. दुसऱ्या गाण्यावर आमचा दिवसच सुरू होत नाही.”

विद्याधर होनप हे कराडातले दातांचे डॉक्टर आणि तिथल्या रसिक मंडळाचे अध्यक्ष. त्या संध्याकाळी मंडळातर्फे माझा कार्यक्रम होता आणि शेवटी सत्कार. उतरायची सोय अध्यक्षांच्या घरी. हॉटेलात कलावंताला घरचं वाटत नाही, असं त्यांनी फोनवर मला समजावलं होतं. मला हॉटेलात नेहमीच फार छान वाटत आलं आहे, पण विचारतो कोण.

गजराचं ऐकून मी मात्र फुलून गेले. आता लपवून काय करू? गाणाऱ्या माणसाची भूक फार वाईट असते आणि माझी तर अठ्ठावीस वर्षांची होती. सत्याऐंशी साली माझी एकच कॅसेट निघाली. तिच्यात दहा गाणी. त्यातलं पहिलं गाणं लोकांनी उचललं आणि उरलेली नऊ कॅसेटमध्येच राहिली. ‘उजाडू दे बाहेरी, तू दार लोटून घे’ हे ते गाणं. पुढे मीही बरीच गायले, पण ती गाणी फक्त मला आणि माझ्या आईला पाठ होती. पोटापाण्यासाठी मी शाळेत संगीत शिकवलं, आणि वर्षातून दोन-तीनदा कुठल्या तरी गावात जाऊन ते एकच गाणं म्हणून आले.

आता ते गाणं काय सांगतं, तर पहाटे उठून निघालेल्या माणसाला एक बाई म्हणते, बाहेर उजाडायचं ते उजाडू दे, तू दार लोट आणि इथेच थांब. उठू नकोस, असं विनवणारं गाणं कुणी उठण्यासाठी लावील, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. पण रसिकांची डोकी वेगळी चालतात.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “तुम्ही पाचला उठता म्हणजे कमालच आहे.”

“मी? छे हो. मी साडेसहाला उठतो,” होनप म्हणाले. “पण झोपेत सूर कानावर पडावा लागतो. दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही ती मुरकी घेता ना, तिथवर आलं की मला अशी काही झोप लागते म्हणून सांगू.”

ही दाद होती. मी ती घेतली आणि “वा” म्हणाले. पाचला मग उठतं कोण, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला तिथेच पडला असता. मला नाही पडला. मी मुरकीचा विचार करत होते.

घर शनिवार पेठेत, खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. दार होनपांच्या बायकोने उघडलं. वृंदा तिचं नाव, सेहेचाळीसच्या आसपासची, बारीक चणीची, पदर खोचलेला. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम असा झाला की जणू मी वीजबिल घेऊन आले आहे. लगेच तिने हसून तो सावरला, नमस्कार केला, पिशवी माझ्या हातून घेतली. मी मनात म्हटलं, बुजली बिचारी. मोठी माणसं दारात आली की होतं असं.

“आमच्या हिचं तर दैवत तुम्ही,” होनप म्हणाले. “लग्नात माहेरून काय आणलं हिनं, तर तुमची कॅसेट. सांग ना ग.”

“हो,” वृंदा म्हणाली. “पाणी आणते.”

जेवायला बसलो. वांग्याची भाजी, कटाची आमटी, पुरणपोळी. गाण्याच्या दिवशी पुरणपोळी खाल्ली तर संध्याकाळी आवाजाऐवजी ढेकर लागतो, पण यजमान आग्रहाने वाढत होते. स्वतः उठत मात्र नव्हते. ते वाढत होते म्हणजे “अगं, ताईंना वाढ,” असं म्हणत होते.

“ताई, एकच ओळ,” होनप हात पुसता पुसता म्हणाले. “एकच. घरातल्या घरात. मग संध्याकाळी आहेच.”

मला आग्रह फारसा करावा लागत नाही. मी बसल्या जागी हलकेच सूर लावला, ‘उजाडू दे बाहेरी...’ आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून लायटरचा टक् टक् आवाज आला. वृंदाने गॅसवर चहाचं आधण चढवलं होतं. दुपारचा दीड वाजलेला, आम्ही पुरणपोळीवरून नुकते उठत होतो. तिच्याही ते क्षणभराने लक्षात आलं. गॅस बंद करून ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“अगं, आत्ता चहा कुठे?” होनप हसले. “बघा ताई, इतकं भिनलंय हिच्यात तुमचं गाणं.”

मीही हसले. फार गोड वाटलं मला ते. आज आठवलं की अंगावर शहारा येतो, पण तेव्हा मी हसले हे खरं आहे.

दुपारी होनप खाली दवाखान्यात गेले. मी आतल्या खोलीत पडले होते. दारावर टकटक झाली आणि वृंदा आत आली. हातात जुनी, खोक्याला चिकटपट्टी लावलेली कॅसेट. वरती माझा सव्विसाव्या वर्षीचा फोटो, केसात अबोलीचा गजरा, डोळ्यात जग जिंकायचा भाव. हसूच आलं मला त्या पोरीचं.

“सही करून देता?” तिने विचारलं.

मी पेन शोधायला लागले. ती काही जाईना. काही तरी बोलायचं आहे आणि धीर होत नाही, असं तिचं चाललं होतं. मी तिला पलंगावर बसवलं.

“ताई, रागावणार नसाल तर एक मागायचं होतं.”

“माग की.”

“आज संध्याकाळी ते गाणं गाऊ नका.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लोक मला तेवढंच गा म्हणत आले होते. गाऊ नका म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

“कुठलं? उजाडू दे?”

“हो. बाकी काहीही गा. पण ते नको.” मग ती घाईघाईने बोलायला लागली, मध्येच कुणी थांबवेल अशा धास्तीने. “मी सतरा वर्षांची होते तेव्हा ही कॅसेट घेतली. आमच्या घरी टेप नव्हता, मैत्रिणीकडे जाऊन ऐकायचे. ते गाणं लागलं की मला वाटायचं, आपल्याला पण कुणीतरी असं थांब म्हणेल. वेडेपणा हो सगळा. लग्नानंतर दुपारी सगळे झोपले की मी एकटी ऐकायचे. ते माझं होतं. मग ह्यांनी तो मोबाइल आणला. माझ्या चाळिसाव्या... नाही, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला मला म्हणाले, डोळे मीट, तुला भेट आहे. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हे वाजलं.”

“भेट म्हणून?”

“हो ना. म्हणाले, तुला उठायचा कंटाळा येतो ना, आता तुझ्या आवडत्या गाण्याने उठ. फोन माझ्या उशाशी ठेवतात. तेव्हा मुलाचा डबा असायचा, सहाच्या बसचा. आता तो पुण्यात शिकतो.”

“मग आता पाचला कशाला उठतेस?”

“सवय मोडू नये म्हणतात. पहाटे उठलेलं तब्येतीला चांगलं असतं म्हणे.” थोडं थांबून ती म्हणाली, “माझ्या.”

मी हसू दाबलं. तिने दाबलं नाही. ती चक्क हसली आणि त्या हसण्यात ती फार देखणी दिसली.

“त्यांना सांगून बघितलंस का?”

“सांगितलं की. म्हणाले, तुझंच आवडतं आहे ना? यावर काय बोलणार? मग एकदा मी गुपचूप साधी घंटा लावली. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मी एवढ्या प्रेमानं लावून दिलं आणि तुला किंमत नाही, असं म्हणाले. मग मीच परत लावलं.” ती कॅसेट हातात फिरवत होती. “आता ताई, खरं सांगते, रागावू नका. ते गाणं ऐकलं की आज भाजी कुठली करू, दूध आलं का, बंब पेटवला का, एवढंच डोक्यात येतं. मघाशी दारात तुम्हाला बघितलं आणि मला भेंडी चिरायची आठवली.”

आयुष्यात माझ्या गाण्यावर टीका झाली नाही असं नाही. पण माझं तोंड बघून कुणाला भेंडी आठवली, असं त्याआधी कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मला लागलं. चांगलंच लागलं. आणि त्याच वेळी या बाईचं पटलंही.

“एका संध्याकाळपुरतं हो,” ती म्हणाली. “आज मी सगळं आवरून, चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसणार आहे. तुम्हाला समोर बघणार आहे. सतरा वर्षांची असल्यापासून बघायचं होतं. तिथे तरी पाच वाजायला नकोत.”

“बरं. मग काय गाऊ? लोकांना माझं दुसरं काही माहीत नाही ग बाई.”

तिने कॅसेट उलटी केली आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे म्हणाल?”

‘पैंजण नको मजला, वहाणा घे रे दोन’. मला ते गाणं आठवेना. माझंच गाणं, आणि मला त्याचा मुखडाही धड आठवेना. कॅसेट भरायला दहावं लागतं म्हणून शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकलेलं ते गाणं. अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने ते मागितलं नव्हतं.

मग तिनेच ते म्हटलं. खाली दवाखान्यात ऐकू जाऊ नये म्हणून अगदी दबक्या आवाजात, माझ्या कानाशी येऊन.

‘पैंजण नको मजला, वहाणा घे रे दोन
लांबची वाट माझी, सोबतीला कोण...’

आवाज साधा, शिकलेला नाही. पण सूर पक्का आणि शब्द एकही चुकला नाही. दोन्ही अंतरे म्हटले तिने. तिसरी ओळ मी मूळ रेकॉर्डमध्ये उरकून टाकली होती, ती तिने ठेहराव घेऊन म्हटली आणि मला पहिल्यांदाच कळलं की ते गाणं चांगलं आहे. माझे डोळे भरून आले. मी काही उगाच रडणारी बाई नाही.

“हे कुठे ठेवलंस इतकी वर्षं?”

“ह्यांना माहीत नाही हे,” ती म्हणाली. “ह्यांनी दुसरी बाजू लावलीच नाही कधी.”

मी तिचा हात धरला. “शेवटचं गाणं हेच गाईन. आणि ते दुसरं गाणार नाही. गळ्याची शपथ.”

गाणाऱ्या बाईने गळ्याची शपथ घ्यावी म्हणजे पुढे बोलायला काही उरत नाही. तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिच्याकडून शब्द एका कागदावर उतरवून घेतले आणि तासभर खोलीत बसून घोकले. फार दिवसांनी कार्यक्रमाआधी मला धाकधूक नव्हती, गायची भूक होती.

हॉल भरलेला होता, पाच-सहाशे माणूस. पेटीला जगदाळे मास्तर म्हणून तिथलेच शिक्षक, तबल्यावर त्यांचा भाचा. वृंदा पहिल्या रांगेत, मोरपंखी साडीत, मांडीवर हात ठेवून बसली होती. शेजारी होनप, सफारीत, हातात मोबाइल आडवा धरून. सगळा कार्यक्रम रेकॉर्ड करणार होते.

मी एक अभंग म्हटला. टाळ्या पडल्या, अध्यक्षांचं भाषण संपलं की वाजवतात तशा. मग दोन भावगीतं म्हटली. मग एक लावणी म्हटली, जी मी म्हणायला नको होती. पाचव्या गाण्याला तिसऱ्या रांगेत एकाने घड्याळ बघितलं. सहाव्याला मागच्या बायका कुकरचं काय झालं असेल, याच्या चिंतेत उठायला लागल्या. सातव्याला चिठ्ठ्या यायला लागल्या. ‘उजाडू दे’, ‘उजाडू दे प्लीज’, ‘ताई तेच’, ‘आम्ही विट्याहून आलो आहोत, उजाडू दे’. मी चिठ्ठ्या वाचून पेटीखाली सरकवत होते आणि गळ्याची शपथ मनात म्हणत होते.

आठवं गाणं म्हणून झालं तेव्हा खोकल्याशिवाय हॉलमध्ये काही ऐकू येत नव्हतं. आता शेवटचं. मी ब्लाउजात खोचलेला शब्दांचा कागद काढला. वृंदा किंचित पुढे सरकून बसली.

तेवढ्यात होनप उठले. एका हातात मोबाइल तसाच धरून स्टेजवर आले आणि माझ्यासमोरचा माईक ओढून घेतला.

“मंडळी, ताई आपली फिरकी घेत आहेत,” ते म्हणाले. “ज्या गाण्यासाठी आपण सगळे आलो, ते त्यांनी मुद्दाम मागे ठेवलंय. माझ्या घरी रोज पहाटे पाचला जे वाजतं, ते आता कराडकरांना ऐकायला मिळणार.”

जगदाळे मास्तरांना काय माहीत बिचाऱ्यांना. त्यांनी त्या गाण्याची सुरुवातीची धून पेटीवर वाजवली.

आणि हॉल उठून बसला. बाहेर निघालेल्या बायका दारातून परत आल्या. विट्याच्या लोकांनी शिट्टी मारली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मी हात वर करून थांबवायला गेले तर त्यांना वाटलं मी अभिवादन करते आहे, आणि टाळ्या दुप्पट झाल्या. सहाशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे असं बघत होतं. मी कागद खाली ठेवला.

मला अजून नाही म्हणता आलं असतं. तेवढा वेळ होता. पण मी एक शहाणपणा केला, ज्याची मला आजही लाज वाटते. मी स्वतःला पटवलं की गाणं गाऊनसुद्धा तिचा मान राखता येईल. मी माईक जवळ घेतला आणि आवाजात कंप आणून म्हणाले, “हे गाणं आज मी फक्त एका व्यक्तीसाठी गाणार आहे. हे गाणं माझं नाही, होनपांच्या घरच्या वृंदाताईंचं आहे. त्यांनी ते माझ्यापेक्षा जास्त जपलंय. वृंदाताई, तुमच्यासाठी.”

हॉल भारावून गेला. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. होनप वरून ओरडले, “अगं, उठ ना, उठ.” वृंदाला उठावं लागलं. तिने वळून लोकांना नमस्कार केला, माझ्याकडे बघून मान लववली आणि खाली बसली.

मी गायले. खरं सांगते, त्या दिवशी लागला तसा आवाज मला पुन्हा लागला नाही. दुसऱ्या अंतऱ्यातली ती मुरकी मी तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा दाद आली. वृंदाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. संपल्यावर वन्स मोअर आला, तोही दिला. मग नऊ वाजले. हॉलवाल्याने मागून हाताने खूण केली आणि घाईघाईत सत्कार उरकला. शाल, नारळ, आणि माझं नाव चुकवलेलं मानचिन्ह. ‘वहाणा’ राहून गेल्या.

गाडीत होनप सतत बोलत होते. वृंदा पुढे बसली होती, मांडीवर माझा नारळ धरून.

“वृंदा,” मी म्हणाले, “आवडलं ना ग?”

“छान झालं,” ती म्हणाली. “सगळ्यांना फार आवडलं.”

घरी पोचल्यावर तिने मला गरम दूध दिलं, पांघरूण काढून दिलं आणि दार ओढून घेतलं. मी आडवी झाले आणि टाळ्या आठवत झोपून गेले. अपराधी माणसाला झोप येत नाही म्हणतात, ते काही खरं नाही.

पहाटे मला माझ्याच आवाजाने जाग आली.

भिंतीपलीकडून मी बोलत होते. ‘हे गाणं आज मी फक्त एका व्यक्तीसाठी गाणार आहे...’ कंपासकट. पहिले दोन क्षण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आवाज अजून काय छान लागतो आपला. मग ‘वृंदाताई, तुमच्यासाठी’ झालं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या टाळ्यांमध्ये बांगड्या किणकिणल्या, सपाता घासत गेल्या, मोरीतला दिवा लागल्याचा खटका ऐकू आला. टाळ्या संपून गाणं सुरू झालं तोवर स्वयंपाकघरात लायटर वाजला होता. घड्याळात पाच वाजून एक मिनिट.

मी उठून अंगाभोवती शाल गुंडाळली. सत्काराचीच होती. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

वृंदा थर्मास विसळत होती. रविवार होता त्या दिवशी.

“उठलात? आवाजाने उठलात का?” तिने विचारलं. “ह्यांचा ग्रुप रविवारी आगाशिवच्या डोंगरावर जातो. चहा लागतो बरोबर.”

तेवढ्यात बेडरूममधून होनपांची झोपाळू हाक आली. “ताई, ऐकताय ना? रात्रीच बदललं मी. लाइव्ह! वृंदा, अगं तुझं नाव आहे बघ त्यात.”

“हो,” वृंदाने आतल्या बाजूला उत्तर दिलं. “ऐकलं.”

आतून मी दुसऱ्या अंतऱ्यात शिरले होते. मुरकी आली. एकदा, दोनदा, तीनदा. त्यापाठोपाठ होनपांचं घोरणं सुरू झालं. अलार्म कुणी बंद करत नव्हतं.

मी ओट्याला धरलं. “वृंदा, मी शपथ मोडली.”

ती साखर मोजून घालत होती.

“अगं, टाळ्या इतक्या पडायला लागल्या. मला थांबता आलं नाही. फार वर्षांनी पडल्या ग.”

“हो,” ती म्हणाली. “टाळ्यापण आल्यात गजरात.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला जरा बरं वाटलं असतं. तिने मला स्टूल दिलं, कपात चहा गाळला, आणि आलं जास्त झालं नाही ना, असं विचारलं. मला ते सहन होईना. काही तरी देऊन मोकळं व्हावं असं वाटायला लागलं. आम्ही कलावंत मंडळी अशीच, आमच्याजवळ द्यायला एकच गोष्ट असते आणि ती आम्ही समोरच्याला हवी की नको ते न विचारता देतो.

“थांब,” मी म्हणाले. “ते मी गाते. आत्ता, इथे. फक्त तुझ्यासाठी, कुणी नाही ऐकायला. सगळं पाठ आहे मला.” आणि कप खाली ठेवून मी सूर घेतला. ‘पैंजण नको मजला...’

वृंदा झटकन पुढे आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. ओला हात, त्याला आल्याचा वास येत होता. सबंध दोन दिवसांत तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. बेडरूममधलं घोरणं थांबलं होतं.

“नका, ताई,” ती कुजबुजली. “ह्यांना ऐकू जाईल.”

“जाऊ दे की,” मी तिचा हात बाजूला करत म्हणाले. “काय करतील?”

“आवडेल हो त्यांना.”